छत्तीसगडला कशासाठी जायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई-पुण्याहून हावड्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या गोंदिया सुटलं की छत्तीसगडात शिरतात आणि थेट रायगढपर्यंत याच राज्यातून धावतात. आपल्यातले बरेच जण हा सगळा पट्टा झोपेत पार करतात. विदर्भातली मंडळी डोंगरगडला उतरतात, बम्लेश्वरीचं दर्शन घेतात आणि परतीची गाडी धरतात. त्याच्या पुढे जायचं म्हटलं की प्रश्न सुरू होतात. नेहमी कानावर येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे दिली आहेत.

तिथे बघण्यासारखं आहे तरी काय?

केवळ जिच्यासाठी म्हणून लोक विमानाने येतील अशी एखादी जगप्रसिद्ध वास्तू छत्तीसगडात नाही. टूरवाल्यांच्या पत्रकात हे राज्य फारसं न दिसण्याचं एक कारण तेच. १ नोव्हेंबर २००० रोजी ते मध्य प्रदेशातून वेगळं झालं. सुमारे ४४ टक्के जमीन जंगलाखाली, आणि २०११ च्या जनगणनेनुसार चारातली तीन माणसं खेड्यात राहणारी. रस्त्याने जाताना दिसतात ती भातखाचरं, साल आणि मोहाची झाडं, झाडाखाली भरलेले आठवडी बाजार. मधूनच नदीकाठी तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीचं विटांचं देऊळ लागतं आणि तिथे तुमच्याखेरीज दोन-चारच माणसं असतात.

दिवसाला सात ‘पॉइंट’ उरकायची सवय असेल तर मात्र इथे कंटाळा येईल. दोन ठिकाणांमधली अंतरं मोठी आहेत आणि निम्मी मजा त्या रस्त्यातच आहे.

पण तिकडे नक्षलवादी आहेत ना?

हा प्रश्न पहिल्यांदा येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. दक्षिण बस्तरने कित्येक दशकं हिंसाचार सोसला आहे. २५ मे २०१३ रोजी काँग्रेस नेत्यांच्या ताफ्यावर हल्ला झाला ती झीरम घाटी जगदलपूर-सुकमा रस्त्यावर आहे. तीरथगड धबधब्याचा फाटा त्याच रस्त्यावर लागतो. गेल्या काही वर्षांत चित्र बरंच बदललं. केंद्र सरकारने चळवळ संपवण्यासाठी ३१ मार्च २०२६ ही मुदत जाहीर केली होती आणि २०२४-२५ मध्ये मोठ्या कारवाया झाल्या, अनेकांनी शरणागती पत्करली.

प्रवाशाच्या दृष्टीने राज्याचे तीन भाग करा. रायपूर, बिलासपूर, सिरपूर, कवर्धा, अंबिकापूर या मैदानी आणि उत्तरेकडच्या भागात जायला वेगळा विचार करायची गरज नाही. जगदलपूर, चित्रकोट, तीरथगड, कोंडागाव इथे वर्षानुवर्षं पर्यटक जात आले आहेत. फक्त दिवसाउजेडी प्रवास करा. तिसरा भाग म्हणजे बीजापूर, सुकमा आणि अबूझमाडचा आतला मुलूख. तिथे हौस म्हणून शिरू नका. जमिनीत पेरलेले स्फोटक सुरुंग कोण शरण आलं आणि कोण नाही हे बघून फुटत नाहीत. आतल्या कुठल्याही ठिकाणी जायचं तर आदल्या दिवशी मुक्कामाच्या जागी आणि स्थानिक ठाण्यात विचारावं. गडचिरोलीतल्या वाचकांना हे नव्याने सांगायला नको.

पोहोचायचं कसं?

रेल्वेने, शक्य असेल तर. मुंबईहून हावडा मेल आणि गीतांजली, पुण्याहून आझाद हिंद, अशा थेट गाड्या रायपूरला थांबतात. नागपूर-रायपूर अंतर साधारण ३०० किलोमीटर. नागपूर-बिलासपूर वंदे भारत डिसेंबर २०२२ पासून सुरू आहे. विमानाने यायचं तर रायपूर.

रायपूर-जगदलपूर हे पुढचे ३०० किलोमीटर रस्त्याचे: धमतरी, कांकेर, मग केशकालचा घाट, मग कोंडागाव. सहा-सात तास धरा. जगदलपूरला रेल्वे आहे, पण ती विशाखापट्टणमकडून येते. बैलाडिलाचं लोहखनिज बंदरापर्यंत नेण्यासाठी १९६० च्या दशकात पूर्व घाट फोडून हा किरंदुल मार्ग टाकला. बोगदे, दऱ्या, मधे अराकू. वेळ असेल तर परतीला हीच गाडी घ्या आणि विशाखापट्टणमहून घरी या.

कोणत्या महिन्यात जावं?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमधलं मैदानी छत्तीसगड नागपूरकरांनाही सोसत नाही. पावसाळ्यात धबधबे भरतात, पण अभयारण्यं आणि कुटुमसरची गुहा बंद असते. दोन्ही हवं असेल तर ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरचा मध्य हा काळ बरा. जाण्याआधी गुहा उघडली का ते विचारून घ्या.

सण धरून जाणाऱ्यांसाठी महत्त्वाचं: तिथला महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावस्येला. त्यामुळे कृष्णपक्षात महिन्याचं नाव चुकतं. त्यांची श्रावण अमावस्येची हरेली, म्हणजे शेतीची अवजारं पुजायची आणि पोरांनी बांबूच्या गेडीवर चढून चिखलातून चालायचं, ती आपल्या आषाढात, दिव्याच्या अवसेला येते. पोळा मात्र नेमका आपल्याच दिवशी. त्या दिवशी मुलांना मातीचे बैल आणि मुलींना मातीची चूल-भांडी देतात. पाठोपाठ तीजा, म्हणजे आपली हरतालिका. भाऊ बहिणीला माहेरी न्यायला येतो, आणि त्या दिवसांत एसटीसारख्या गाड्यांत बसायला जागा मिळत नाही.

चित्रकोट खरंच भारताचा नायगारा आहे का?

ही उपमा सोडून द्या. धबधबा पुरेसा मोठा आहे, त्याला उसन्या नावाची गरज नाही. जगदलपूरपासून ३८ किलोमीटरवर इंद्रावती घोड्याच्या नालेच्या आकारात सुमारे ९५ फूट खाली पडते. पावसाळ्यात पात्राची रुंदी ३०० मीटरपर्यंत जाते आणि पाणी गढूळ तांबडं असतं. दिवाळीनंतर पाणी निवळतं, धारा वेगळ्या होतात आणि नावाडी होडी धबधब्याच्या पायथ्याजवळ नेतात. मला दुसरं रूप जास्त आवडतं, पण फोटोसाठी येणारे पहिलंच मागतात. उन्हाळ्यात पाणी फार कमी होतं. तेव्हा जाऊन निराश होऊ नका. पर्यटन मंडळाचं दंडामी रिसॉर्ट धबधब्यासमोरच आहे. रात्रीचा मुक्काम तिथे केलात तर गर्दी गेल्यावरचा धबधबा मिळतो.

हेच पाणी पुढे आपल्या गडचिरोलीच्या सीमेवरून वाहतं आणि सिरोंचा तालुक्यात सोमनूरजवळ गोदावरीला मिळतं.

तीरथगड आणि कुटुमसर एका दिवसात होतं का?

होतं. दोन्ही कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात आहेत. तीरथगड सुमारे ३०० फूट, टप्प्याटप्प्याने उतरणारा. खाली जायला पायऱ्या आहेत आणि त्या चढून परत यायच्या आहेत. कुटुमसर ही चुनखडकातली खोल गुहा. तोंड अरुंद, आत पूर्ण काळोख, आणि त्या काळोखात राहून दृष्टी गेलेले मासे. वाटाड्या दिव्यासकट मिळतो. दमा किंवा बंद जागेची भीती असणाऱ्यांनी बाहेरच थांबावं. जवळच्या धुडमारास गावात गावकऱ्यांनी मुक्कामाच्या खोल्या आणि बांबूच्या तराफ्यांची सोय केली आहे.

बस्तरचा दसरा म्हणजे रावणदहनच ना?

नाही. तिथे रावणही नाही आणि रामही नाही. दसरा आहे तो दंतेश्वरी देवीचा, आणि चालतो ७५ दिवस. हरेलीच्या अमावस्येला रथासाठी पहिलं लाकूड जगदलपूरला आणून पुजतात; तिथून सुरुवात.

परंपरा सांगते की काकतीय घराण्याचा राजा पुरुषोत्तमदेव पंधराव्या शतकात जगन्नाथपुरीला गेला आणि तिथून रथाचा मान घेऊन आला. रथ दरवर्षी नवा बनतो. कुठल्या गावाने लाकडावर काम करायचं, कुठल्या गावाने लोखंड घडवायचं, दोर कोणी वळायचे, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. हत्यारं जुन्याच धाटणीची. शेकडो माणसं रथ ओढतात.

नवरात्राच्या तोंडावर काछनगादी होते: एका लहान मुलीच्या अंगात काछनदेवी येते, तिला काटेरी झुल्यावर बसवतात आणि ती उत्सवाला परवानगी देते. तिच्या होकाराशिवाय राजाचाही दसरा सुरू होत नाही. मग जोगी बिठाई: हलबा समाजातला एक तरुण नऊ दिवस खड्ड्यात बसून उपवास करतो, उत्सव निर्विघ्न पार पडावा म्हणून. विजयादशमीच्या रात्री आठ चाकांचा रथ चक्क चोरला जातो. आदिवासी मंडळी तो ओढत कुम्हडाकोटच्या रानात नेऊन ठेवतात. दुसऱ्या दिवशी राजघराण्यातल्या माणसाला तिथे जावं लागतं, त्यांच्यासोबत बसून नव्या भाताचं जेवण करावं लागतं, तेव्हा रथ परत मिळतो. राजा आणि रयत यांच्यातला हा करार इतक्या उघडपणे वठवलेला मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही. शेवटी मुरिया दरबार भरतो, जिथे मांझी-चालकी, म्हणजे गावांचे पारंपरिक प्रमुख, आपल्या भागाच्या तक्रारी मांडतात. १८७६ च्या मुरिया उठावानंतरची ही प्रथा. आता राजाच्या जागी मुख्यमंत्री येऊन बसतात.

पंचाहत्तर दिवस थांबायचं नाही. विजयादशमीच्या आदल्या दिवशी पोहोचा: त्या रात्री दंतेवाड्याहून देवीची डोली येते, तिचं स्वागत म्हणजे मावली परघाव. पुढचे दोन दिवस रथ. खोली दोन-तीन महिने आधी ठेवा.

आम्हाला गणपती आणि ट्रेक दोन्ही आवडतात. काही आहे?

मग दंतेवाड्याकडे चला. बैलाडिलाच्या रांगेत ढोलकल नावाचा सुळका आहे आणि त्याच्या माथ्यावर, कुठलंही देऊळ नसताना, उघड्यावर तीन फुटांच्या आसपासची दगडी गणेशमूर्ती बसलेली आहे. दहाव्या-अकराव्या शतकातली, छिंदक नाग राजांच्या काळातली मानतात. जानेवारी २०१७ मध्ये ती दरीत ढकलून देण्यात आली. तुकडे गोळा करून, सांधून मूर्ती पुन्हा जागेवर बसवली; सांधे जवळून दिसतात. चढ फरसपालच्या बाजूने, जंगलातून, आणि वाटाड्या घेऊनच. सह्याद्रीत फिरणाऱ्याला अवघड नाही, मात्र माथ्यावर जागा अगदी थोडी आहे.

तिथून पुढे बारसूर. एका मंडपात शेजारी-शेजारी दोन प्रचंड वालुकाश्मी गणपती, त्यातला मोठा माणसापेक्षा उंच. गावात बत्तीस खांबांचं ‘बत्तीसा’ मंदिर आणि मामा-भांजा मंदिरही आहे. दंतेवाड्याच्या दंतेश्वरी मंदिरात, शंखिनी-डंकिनी नद्यांच्या संगमावर, पुरुषांना धोतर नेसूनच आत जाता येतं. धोतरं तिथे मिळतात, पँटवरच गुंडाळायचा प्रयत्न करू नका.

बस्तरला जायला वेळ नाही. रायपूरच्या आसपास काय होईल?

सिरपूर. रायपूरहून सुमारे ८० किलोमीटर, महानदीच्या काठी. दक्षिण कोसल, म्हणजे या भागातल्या जुन्या राज्याची, ही राजधानी. इथलं लक्ष्मण मंदिर सातव्या शतकातलं, राणी वासटा हिने पतीच्या स्मरणार्थ उभारलेलं विष्णूचं देऊळ. दगडी जोत्यावर पूर्ण विटांचं शिखर, आणि विटा रचून झाल्यावर त्यांवर कोरलेली गवाक्षं. चुना नाही, गिलावा जवळपास गेलेला, तरी कडा अजून धारदार. दरवाजाची शेषशायी असलेली चौकट दगडाची. चिनी यात्रेकरू ह्युएन त्सांग याच प्रदेशातून गेला. गावात बौद्ध विहारही निघाले. १९५० च्या दशकात ते उकरून काढणारे संशोधक मोरेश्वर गंगाधर दीक्षित हे मराठी.

परतीच्या वाटेवर राजिम जमतं. महानदी, पैरी आणि सोंढूर यांचा संगम, राजीवलोचन मंदिर. माघ पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत मोठी जत्रा.

बिलासपूरच्या बाजूला असाल तर ताला चुकवू नका, हे मी कुणालाही हट्टाने सांगतो. मनियारी नदीकाठी देवरानी-जेठानी नावाची दोन पडकी देवळं आहेत. १९८८ मध्ये तिथे जवळपास नऊ फुटी मूर्ती सापडली. तिला रुद्रशिव म्हणतात, पण ती नक्की कोणाची यावर अभ्यासकांचं एकमत नाही. डोक्यावर सापांचं पागोटं. नाक सरड्याचं. कान मोरांचे, मिशा माशांच्या, हनुवटी खेकड्याची, खांद्यांवर मगरतोंडं, आणि पोटावर, मांड्यांवर माणसांचे चेहरे. भारतात अशी दुसरी मूर्ती माहीत नाही. ती लोखंडी जाळीच्या मागे, एका साध्या खोलीत ठेवलेली आहे.

कवर्ध्याजवळचं भोरमदेव अकराव्या शतकातलं आहे आणि लोक त्याला ‘छत्तीसगडचं खजुराहो’ म्हणतात. सुंदर आहे, गडचिरोलीतलं मार्कंड्याचं देऊळ पाहिलेल्यांना ओळखीचं वाटेल.

मराठी माणसाचा छत्तीसगडशी काय संबंध?

बराच, आणि सगळाच अभिमानाचा नाही. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा सेनापती भास्करपंत बंगालच्या स्वारीवर जाता जाता रतनपूर घेऊन गेला. पुढे रघूजींचा मुलगा बिंबाजी भोसले १७५८ ते १७८७ रतनपूरला राहून राज्य करत होता. तिथल्या रामटेकरीवरचं राममंदिर त्याचंच. दसऱ्याला सोनं वाटायची चालही त्यानेच तिकडे नेली असं सांगतात. त्याच्यानंतर नागपूरहून सुभेदार पाठवून वसुली करण्याचा कारभार सुरू झाला, आणि त्या काळाबद्दल तिथली माणसं फार प्रेमाने बोलत नाहीत.

नंतरची नाती गोड आहेत. मराठी घरातले माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढलं. टिळकांचं गीतारहस्य हिंदीत आणलं तेही त्यांनीच. खैरागढच्या राजघराण्याने आपला वाडा देऊन १९५६ मध्ये इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय उभं केलं. भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर तिथे कुलगुरू होते. डोंगरगडला गेलात तर खैरागढ जवळच आहे. रायपूरला तात्यापारा नावाची वस्ती आजही आहे.

तिथे मराठी चालेल का?

हिंदी चालेल. छत्तीसगढी कानाला लवकर सवयीची होते. ‘जय जोहार’ म्हणून सुरुवात करा. बस्तरात हलबी ऐकू येते. तिच्यात मराठीची छटा इतकी आहे की बाजारातलं बोलणं अधूनमधून कळून जाईल.

खायचं काय? आणि त्या मुंग्यांच्या चटणीचं खरं आहे का?

खरं आहे. चापडा म्हणतात तिला. झाडावरच्या लाल मुंग्या अंड्यांसकट मीठ-मिरचीबरोबर वाटतात. चव आंबट, कैरीच्या जवळची. आठवडी बाजारात पानाच्या द्रोणात विकायला असते. बोटाने चाखून बघा, न आवडल्यास कुणी रागावत नाही.

रोजचं जेवण मात्र भाताभोवती फिरतं. तांदळाच्या पिठाचा चिला आणि फरा, पानात भाजलेली अंगाकर रोटी, आणि उन्हाळ्यात बोरे-बासी, म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांदा-मिरचीसोबत. पालेभाज्या इतक्या की शाकाहारी माणसाचं काहीही अडत नाही. सणाला ठेठरी आणि खुरमी. रायपूरला महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारात गढकलेवा नावाची जागा आहे. बचत गटातल्या बायका चालवतात आणि हे बहुतेक सगळं एका जागी मिळतं.

तांदूळ घरी आणायचा तर सरगुजाचा जीराफूल किंवा नगरीचा दुबराज घ्या, दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. भातशास्त्रज्ञ डॉ. रिछारिया यांनी गावोगाव फिरून भाताचे हजारो वाण जमवले होते. रायपूरच्या कृषी विद्यापीठातला वीस हजारांहून मोठा संग्रह त्यातूनच वाढला.

मोहाची दारू आणि सल्फी, म्हणजे ताडीसारखा झाडाचा रस, देऊ करतील. सल्फी सकाळची गोड, दुपारची चढणारी.

आदिवासी गावं ‘बघायला’ मिळतील का?

या प्रश्नातला ‘बघायला’ मला खटकतो. आठवडी बाजाराला जा. तो सगळ्यांसाठी खुला असतो. तिथे मोहफुलं, चिंच, तिखूर, डिंक, मातीची भांडी, कोंबड्यांच्या झुंजी, सगळं आहे. काहीतरी विकत घ्या, बसा, बोला. फोटोआधी विचारा, बायकांना तर नक्कीच. घोटूलबद्दल, म्हणजे गावातल्या तरुण मुलामुलींच्या एकत्र जमायच्या घराबद्दल, अर्धवट ऐकून आलेले पाहुणे नको ते प्रश्न विचारतात. त्यांच्यामुळे काही गावांत बाहेरच्याला आता थंड वागणूक मिळते आणि ती योग्यच आहे.

विकत काय घ्यावं?

कोंडागावची ढोकरा मूर्ती, घडवा कारागिरांच्या हातची. आधी मातीचा गाभा, त्यावर मेणाच्या तारांनी सगळी नक्षी, वर पुन्हा माती. भट्टीत मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत पितळ ओततात. साचा फोडूनच मूर्ती बाहेर येते, त्यामुळे तशीच दुसरी होत नाही. कारागिराच्या घरी गेलात तर काम बघायला मिळतं. घासाघीस जरा आवरती घ्या, एका मूर्तीला कित्येक दिवस लागतात. साडी हवी असेल तर चांपाचं कोसा रेशीम.

उत्तरेकडे जाण्यासारखं काही?

अंबिकापूर धरून दोन गोष्टी. एक मैनपाट: साडेतीन हजार फुटांच्या आसपासचं पठार, १९६० च्या दशकात वसलेली तिबेटी गावं, थंडीत हवेत बोचरेपणा. दुसरी रामगढची टेकडी. तिथल्या सीताबेंगरा गुहेत प्राचीन नाट्यगृह होतं असं मानतात. शेजारच्या जोगीमारा गुहेतला ब्राह्मी लेख सांगतो की सुतनुका नावाच्या देवदासीवर देवदीन नावाच्या रूपदक्षाचं, म्हणजे शिल्पकाराचं, प्रेम होतं. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी भिंतीवर हे लिहून ठेवलं. सरगुजाचे लोक ठामपणे सांगतात की मेघदूतातला रामगिरी हाच. आपले संशोधक वासुदेव विष्णु मिराशी यांनी कौल रामटेकला दिला. तिथे वाद घालायला जाऊ नका, चहा मिळणार नाही.

किती दिवस काढावेत? आई-बाबांना नेता येईल का?

फक्त बस्तर: पाच दिवस, त्यातले जवळपास दोन रस्त्यात. रायपूर, सिरपूर, राजिम: तीन. वयस्कर मंडळींना सिरपूर, राजिम, चित्रकोट सोयीचं; डोंगरगडला हजाराहून जास्त पायऱ्या आहेत पण रोपवेही आहे. कुटुमसर आणि ढोलकल त्यांच्यासाठी नाही.

पैसे, मोबाईल, गाडी?

रायपूर आणि जगदलपूरला सगळं मिळतं. जगदलपूर सोडलं की रोख ठेवा, सुट्टे जास्त ठेवा. बाजारात पाचशेची नोट मोडत नाही. रेंज जंगलात जाते, नकाशा आधीच उतरवून घ्या. सार्वजनिक बस मुख्य रस्त्यांवर चांगल्या आहेत, पण धबधबे आणि बारसूरसाठी जगदलपूरहून गाडी ठरवावी लागते. चालक स्थानिकच घ्या. कुठल्या वारी कुठला बाजार भरतो हे त्यालाच माहीत असतं, आणि सहलीचे दिवस त्या वारांवरून ठरवलेले बरे.